पोटातली जागल

ज्वारी हुरड्यावर आली की आपल्या यवतमाळ जिल्ह्यात घरटी एक तरी माणूस रात्री शेतात जागलीला जातो. मचाणावर बसायचे, शेकोटी पेटती ठेवायची, आणि रानडुकरांचा कळप किंवा रोही शिरले की डबा वाजवायचा. हा अनुभव तुम्हांपैकी बहुतेकांना आहे.

आता समजा, तुमच्याकडे दोन जागले आले. पहिला गाढ झोपतो. सकाळी जाऊन पाहावे तो अर्धे शेत आडवे झालेले! दुसरा मात्र डोळ्याला डोळा लावत नाही. पण पान हलले की हा ओरडतो, घरचा बैल दावे तोडून धुऱ्यावर आला तरी दगड मारतो, आणि एखाद्या रात्री डुकराच्या मागे पेटता टेंभा फेकून वाळलेले पीकच पेटवून देतो. यांपैकी कोणाला ठेवाल? दोघांनाही नाही. तुम्हांला हवा तिसराच. अंधारातही घरचा बैल कोणता आणि रानडुक्कर कोणते हे ओळखणारा, वेळ आली तर काठी उचलणारा, आणि काम होताच काठी खाली ठेवणारा.

असा तिसरा जागल्या तुमच्या-माझ्या, प्रत्येकाच्या पोटात बसलेला आहे. आज त्याचीच गोष्ट सांगायची आहे.

ही गोष्ट सांगण्याचे कारण एका शिक्षकाने विचारलेला प्रश्न. मी काही डॉक्टर नव्हे. महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवणारा माणूस. गेल्या पावसाळ्यात एका खेड्यातल्या शाळेत गेलो होतो. गावात हगवणीची साथ नुकतीच ओसरली होती. तेथील गुरुजी म्हणाले, "सर, पुस्तकात लिहिलंय की आतड्यात कोट्यवधी जंतू कायम राहतात. मग शरीर त्यांना मारत का नाही? आणि मारतच नसेल, तर हगवणीचा एक जंतू आला की एवढा दंगा का होतो?" प्रश्न मोठा बिनतोड होता. मी तेव्हा उत्तर दिले नाही. घरी येऊन वाचत गेलो, डॉक्टर मित्रांना विचारत गेलो. जे समजले ते असे.

आधी शेत केवढे आहे ते पाहू. लहान आतड्याची लांबी सुमारे वीस फूट, मोठ्याची सुमारे पाच फूट. पण आतून ते नळीसारखे गुळगुळीत नसते. त्याला घड्या असतात, घड्यांवर मखमलीसारखे बारीक रसांकुर असतात. हे सगळे उलगडून पसरले तर सुमारे ३० चौरस मीटर जागा लागेल. गुरुजींनी दोरी घेऊन शाळेच्या पटांगणात ६ मीटर लांब आणि ५ मीटर रुंद चौकोन आखून दाखवावा. मुलांना एका दृष्टिक्षेपात कळेल. एवढ्या मोठ्या शेताला कुंपण किती जाड? तर पेशींचा एकच थर! म्हणजे कागदाहूनही पातळ. पातळ असलेच पाहिजे. नाही तर अन्नरस रक्तात जाणार कसा? आणि हा थर दर तीन ते पाच दिवसांनी नवा होतो.

या कुंपणापलीकडे राहणाऱ्या जंतूंची संख्या ऐका. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या हिशोबाप्रमाणे माणसाच्या शरीरावर आणि शरीरात मिळून सुमारे ३८ लाख कोटी जंतू असतात, आणि त्यांतले बहुतेक सगळे मोठ्या आतड्यात. आपल्या स्वतःच्या पेशी सुमारे ३० लाख कोटी. म्हणजे या देहाच्या घरात घरमालकांपेक्षा बिऱ्हाडकरूच जास्त झाले! या सर्वांशी लढाई पुकारली तर शरीर एक दिवसही टिकायचे नाही. शिवाय यातले पुष्कळ जंतू आपल्या उपयोगाचे आहेत. तेव्हा गुरुजींच्या प्रश्नाच्या पहिल्या भागाचे उत्तर हे, की शरीर त्यांना मारत नाही कारण मारणे परवडणारे नाही. ते त्यांना अंतरावर ठेवते.

अंतर कसे ठेवते? पहिला उपाय म्हणजे बुळबुळीत चिकट पदार्थाचा थर. आतड्याच्या अस्तरात पेल्याच्या आकाराच्या पेशी असतात, त्या हा पदार्थ सतत स्रवतात. मोठ्या आतड्यात त्याचे दोन पदर असतात. बाहेरच्या पदरात जंतू सुखाने राहतात. आतला घट्ट पदर जवळजवळ निर्जंतुक असतो. दुसरा उपाय म्हणजे जंतुनाशक रस. लहान आतड्यातल्या काही पेशी तो तयार करतात आणि फार जवळ येणाऱ्याला त्याचा प्रसाद मिळतो. तिसरा उपाय सगळ्यांत शहाणपणाचा. शरीर दररोज काही ग्रॅम इतके 'आयजीए' नावाचे प्रतिपिंड आतड्यात सोडते. हे प्रतिपिंड जंतूला चिकटते आणि त्याला अस्तराला धरू देत नाही, पण भोवती दाह मात्र पेटवत नाही. बैलाच्या गळ्यात लोढणे अडकवावे ना, तसे. बैल जिवंत राहतो, चरतो, पण पिकात धावत सुटत नाही.

पण बाहेर कोण आले आहे हे कळल्याखेरीज बंदोबस्त कसा होणार? त्यासाठी हेरखाते आहे. लहान आतड्याच्या भिंतीत जागोजागी दाण्यांच्या आकाराचे पुंजके असतात. स्वित्झर्लंडच्या योहान पायर यांनी १६७७ साली त्यांचे वर्णन केले, म्हणून त्यांना पायर यांचे नाव पडले. या पुंजक्यांवर काही खास पेशी असतात. त्या आतड्यातला माल चिमूट चिमूट आत घेतात. आतमध्ये फांद्यांसारखे हातपाय असलेल्या पेशी वाट पाहत असतात. त्या हा नमुना घेऊन जवळच्या लसिका ग्रंथीकडे जातात. तिथे पंचायत बसते म्हणा ना! नमुना दाखवला जातो आणि पुढे काय करायचे ते ठरते.

इथे खरी गंमत आहे. नमुना कोणाचा एवढेच पाहून निर्णय होत नाही. तो कशा परिस्थितीत सापडला हेही पाहिले जाते. भिंत शाबूत आहे, पेशी मेलेल्या नाहीत, आणि हा माल रोजच्या अन्नातला किंवा रोजच्या जंतूचा आहे, असे असेल तर हुकूम निघतो, "राहू द्या." पण भिंत फुटली आहे, जंतू आत घुसला आहे, विष सोडतो आहे, अशी खूण मिळाली की हुकूम बदलतो. मग लढाऊ पेशी धावतात, रक्तवाहिन्या फुगतात, आतड्यात पाणी सुटते, हगवण लागते. गुरुजींच्या प्रश्नाचा दुसरा भाग इथे सुटतो. दंगा होतो तो जंतू असल्यामुळे नव्हे, त्याने कुंपण मोडल्यामुळे किंवा विष कालवल्यामुळे.

आता कोणी म्हणेल, "राहू द्या" म्हणणे म्हणजे गप्प बसणेच ना? त्यात काम कसले? इथेच शास्त्रज्ञांचीही बरीच वर्षे फसगत झाली. गप्प बसणे हे फार मोठे काम आहे, आणि ते करायला वेगळी माणसे नेमलेली असतात, हे हळूहळू कळले.

सुरुवात १९११ सालापासून करू. अमेरिकेत वेल्स आणि ऑसबोर्न या दोघांनी गिनीपिगांवर प्रयोग केले. मक्यातले प्रथिन टोचले आणि काही दिवसांनी पुन्हा टोचले की हे प्राणी तडफडत. पण ज्यांना आधीपासून मका खायला घालत होते, त्यांना काही होत नसे. म्हणजे जे तोंडावाटे रोज येते, त्याच्याशी शरीर ओळख करून घेते आणि त्याला सोसते. आपण रोज भाकर, वरण, भाजी, दूध अशी परक्या जिवांची प्रथिने पोटात घालतो आणि तरी शरीर उसळत नाही, याचे मूळ या ओळखीत आहे.

पण ही ओळख सांभाळतो कोण? १९९५ साली जपानचे शिमोन साकागुची यांनी उंदरांवर प्रयोग करून दाखवले की टी-पेशी नावाच्या सैन्यातच एक पथक असे आहे की ज्याचे काम लढणे नव्हे, आपल्याच सैनिकांचा हात धरणे आहे. हे पथक काढून बाकीचे सैन्य उंदरात सोडले तर ते त्याच्याच अवयवांवर तुटून पडे. पथक परत दिले की दंगा थांबे. २००१ साली मेरी ब्रन्को आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी या पथकाची किल्ली असलेला जनुक शोधला. हा जनुक बिघडलेला घेऊन जन्मणारी मुले क्वचित असतात. त्यांना तान्हेपणीच न थांबणारी हगवण लागते, मधुमेह होतो, कातडी सोलते. त्यांच्या पोटातला जागल्या झोपलेला नसतो, बरं का. तो शेताला आग लावत असतो. या शोधांबद्दल या तिघांना २०२५ सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. या पथकाला नियामक टी-पेशी म्हणतात. आतड्यात तिची वस्ती मोठी आहे.

आणखी एक प्रयोग ध्यानात ठेवण्यासारखा आहे. नियामक पेशी आणि त्यांचे सोबती एक शांतवणारा रस सोडतात. हा रस तयारच होऊ शकत नाही असे उंदीर १९९३ साली निर्माण केले, तेव्हा त्यांची आतडी सुजून गेली. पण पुढे तसेच उंदीर जन्मापासून पूर्ण निर्जंतुक पेटीत वाढवले, तेव्हा आतडी सुजली नाहीत. म्हणजे दंगा एकट्या जंतूंचा नव्हता आणि एकट्या शरीराचाही नव्हता. दोघांमधला करार मोडला होता. आणि निर्जंतुक उंदीर सुखी असतात असेही समजू नका. त्यांची आतड्यातली संरक्षण व्यवस्था अर्धवटच वाढते. पहारा शिकायलासुद्धा शेजार लागतो.

या करारात जंतूही आपला वाटा देतात. ज्वारीच्या भाकरीतला, तुरीच्या वरणातला, अंबाडीच्या किंवा तरोट्याच्या भाजीतला जो चोथा आपल्याला पचत नाही, तो मोठ्या आतड्यातले जंतू आंबवतात. त्यातून लोण्याच्या आम्लासारखी लहान आम्ले तयार होतात. मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशींचे हेच मुख्य अन्न. शिवाय ही आम्ले नियामक पेशी वाढवायला मदत करतात, असे २०१३ साली उंदरांवरील प्रयोगांतून दिसले. चोथा दिला नाही तर काही जंतू भुकेपोटी वर सांगितलेला चिकट पदरच खाऊ लागतात. घरच्या बैलाला कडबा घातला नाही, तर तो कुंपण खाणारच! हिरव्या पालेभाज्या, शेवगा, पिकली पपई यांपासून शरीर अ-जीवनसत्त्व तयार करते. लसिका ग्रंथीतल्या पंचायतीला "राहू द्या"चा हुकूम काढायला आणि आयजीए तयार करायला हेच जीवनसत्त्व लागते. आपल्या आजीने पावसाळ्यात रानभाज्या शिजवल्या त्या शास्त्र वाचून नव्हे, पण शास्त्राला सोडूनही नव्हे.

हा शेजार वयाप्रमाणे बदलत जातो. पुण्याच्या संशोधकांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात एकाच घरात, एकाच चुलीवरचे खाणाऱ्या तीन पिढ्यांच्या पोटांतले जंतू तपासले. आजा, बाप आणि नातू यांच्या पोटांतले प्रमाण वेगवेगळे निघाले. यात सगळ्यांत नाजूक काळ तान्हेपणाचा. आईच्या पहिल्या पिवळसर दुधात, चिकात, आयजीए भरपूर असते. म्हणजे बाळाचा जागल्या तयार होईपर्यंत आई आपला जागल्या उसना देते. दुधात काही शर्करा अशा असतात की त्या बाळाला पचत नाहीत. त्या बाळाच्या पोटातल्या चांगल्या जंतूंसाठीच असतात. ज्या घरात "चीक जड असतो" म्हणून तो पिळून टाकतात, त्या घरात बाळाचे पहिले कुंपणच टाकून दिले जाते.

आता समतोल ढळला म्हणजे काय होते ते पाहू. एका बाजूला जागल्या फार तापट होतो. रोजच्या जंतूंवर हल्ला झाला की आतड्याला व्रण पडतात, रक्त पडू लागते. हा आजार शहरांत आणि आता खेड्यांतही दिसतो. काहींचे शरीर गव्हातल्या प्रथिनावर उठते. हॉलंडचे डॉक्टर विलेम डिके यांनी १९४४-४५च्या दुष्काळी हिवाळ्यात पाहिले की गहू मिळेनासा झाला तेव्हा अशी आजारी मुले सुधारली. ज्वारीत ते प्रथिन नाही, हे अशा रोग्याला मोठेच वरदान आहे.

पण आपल्या खेड्यांतला मोठा प्रश्न दुसऱ्या बाजूचा आहे. तो तितका दिसत नाही, म्हणून जास्त वाईट. मूल रांगते, हातात येईल ते तोंडात घालते. विहिरीचे पाणी गढूळ, उघड्यावरची घाण जवळ. महिन्या दोन महिन्यांनी हगवण. जागल्याला विश्रांतीच नाही. रोज रात्री डुकरे आली तर तो दमतोही आणि चिडतोही. आतड्यात मंद दाह धुमसत राहतो, रसांकुर झिजून आखूड होतात, भिंत झिरपू लागते. मग मूल खाते पण अंगी लागत नाही. आई म्हणते, "खातं तर बापा चांगलं, पण वाढत कामून नाही?" ते खाणे लढाईतच खर्च होत असते.

हे आपल्या रक्तातच आहे, असे मात्र समजू नका. १९६०च्या दशकात अमेरिकेतून त्या वेळच्या पाकिस्तानात सेवेला आलेल्या धडधाकट तरुणांची आतडी तपासली, तेव्हा काही काळात त्यांचेही रसांकुर असेच झिजलेले दिसले. मायदेशी परतल्यावर ते हळूहळू सुधारले. दोष माणसाचा नसतो, पाण्याचा आणि घाणीचा असतो. आणि झिजलेले भरून येते. ही आशेची गोष्ट आहे.

याचा परिणाम कुठवर जातो पाहा. लहान मुलांच्या हगवणीला कारण होणाऱ्या रोटा विषाणूवर आपल्या देशात तोंडावाटे द्यायची लस तयार झाली. तिची कसोटी दिल्ली, पुणे आणि वेल्लोर या तीन ठिकाणी ६,७९९ बालकांवर घेतली. निकाल २०१४ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या वर्षी जोराच्या रोटा हगवणीपासून सुमारे ५६ टक्के संरक्षण मिळाले. श्रीमंत देशांत अशाच प्रकारच्या लसींनी ८५ टक्क्यांहून अधिक मिळते. पोलिओच्या थेंबांचेही तसेच झाले. ते पुन्हा पुन्हा पाजावे लागले, तेव्हा कुठे १३ जानेवारी २०११ नंतर देशात रानटी पोलिओचा रोगी सापडला नाही. कारणे एकाहून अधिक आहेत: आईकडून आलेली प्रतिपिंडे, आधीच पोटात असलेले दुसरे विषाणू, कुपोषण, आणि ही थकलेली भिंत.

यावरून लस निरुपयोगी असा अर्थ कोणी काढू नये. जिथे रोग जास्त, तिथे निम्मी मुले वाचली तरी ती संख्येने फार असतात. म्हणून २०१६ पासून ही लस सरकारी लसीकरणात आली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनेही तशीच लस तयार केली आहे. लस देताना आईचे दूध थोडा वेळ थांबवून पाहिले, त्याने काही फायदा झाला नाही. तेव्हा दूध कधीही तोडू नये. अर्थ एवढाच, की थेंब आणि स्वच्छ पाणी ही दोन कामे एकमेकांची बदली नव्हेत. जोडीचे बैल आहेत. एकाने नांगर ओढला जात नाही.

मग आपण करायचे काय? बाळ जन्मले की तासाभरात छातीशी लावावे, चीक पाजावा, सहा महिने दुधाखेरीज पाणीसुद्धा देऊ नये. पुढे पातळ वरण, मऊ भाकर, पालेभाजी सुरू करावी. पाणी झाकलेले, पावसाळ्यात उकळलेले असावे. शौचाहून आल्यावर आणि जेवणाआधी साबणाने हात धुवावे. हगवण लागली तर जलसंजीवनीचे एक पाकीट एक लिटर पाण्यात विरघळवून घोट घोट पाजावे, आशाताईंकडून जस्ताच्या गोळ्या घेऊन १४ दिवस द्याव्या, आणि खाणे-दूध बंद करू नये. शौचात रक्त दिसले, मूल सुस्त पडले, डोळे खोल गेले तर लगेच दवाखाना गाठावा. आणि एक आग्रहाची विनंती: साध्या पाण्यासारख्या हगवणीला दुकानातून प्रतिजैविकाच्या गोळ्या आणून देऊ नका. त्या विषाणूला मारत नाहीत. पण ज्या शेजाऱ्यांशी कितीतरी दिवस खपून करार झाला, त्यांना मात्र घरादारासकट उठवून लावतात.

त्या खेड्यातल्या गुरुजींना मी हे सर्व पत्राने कळवले. त्यांचे उत्तर आले. त्यांनी वर्गात चौकोन आखला, मुलांना त्यात उभे केले आणि विचारले, "एवढ्या शेताची जागल कोण करतं?" एक मुलगी म्हणाली, "गुरुजी, आमचा बाबा एवढ्याचीही रात्रभर करू करू थकते. पोटातल्याले तर सुट्टीच नाही!"

त्या मुलीने नेमके वर्म पकडले. पोटातल्या जागल्याला सुट्टी नाही. त्याला ती आपण द्यायची असते. स्वच्छ पाण्याचा प्रत्येक पेला म्हणजे त्याची एक शांत रात्र. आपल्या गावातल्या लेकरांना अशा किती रात्री मिळतात, हे आपण ग्रामसभेत एकदा विचारून पाहू या.